टाइप 1 मधुमेह आणि रोजचा थकवा: शिरपूरकडच्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूर तालुक्यातील एका गावची, सध्या धुळ्याला खोली घेऊन शिकणारी 22 वर्षांची मुलगी लिहिते की तिला नवव्या वर्षी टाइप 1 मधुमेह झाला. तेव्हापासून 13 वर्षे ती रोज चार वेळा इन्सुलिन घेत आली आहे आणि आता तिला हे सगळेच नकोसे झाले आहे. तीन आठवड्यांपासून तिने साखर मोजलेली नाही, दुपारचे इन्सुलिन ती बऱ्याचदा टाळते आणि रात्रीचेही दोन-तीनदा मुद्दाम घेतलेले नाही. आईचा रोज संध्याकाळी फोन येतो, त्यात पहिला प्रश्न "किती आली?" हाच असतो, आणि ती खोटा आकडा सांगते. मागच्या तपासणीत एचबीएवनसी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा टक्का) 10.4 आल्यावर डॉक्टर रागावले होते, म्हणून आता दवाखान्याची पायरी चढवत नाही. तिचे शेवटचे वाक्य असे आहे: "काय करायचं ते मला सगळं माहीत आहे, तरी होत नाही. मी आळशी आहे का?"

तुमच्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. रोज चार याप्रमाणे 13 वर्षांत तुम्ही स्वतःला सुमारे 19 हजार वेळा टोचून घेतले आहे, आणि बोटातून रक्त काढण्यासाठी टोचलेल्या सुया यात धरलेल्याच नाहीत. दिवाळीला, परीक्षेच्या दिवशी, पाळीच्या त्रासात, घरात कोणी गेले त्या दिवशीही हे काम थांबलेले नाही. शेतात राबणाऱ्या सालदारालाही वर्षातून काही दिवस सुट्टी असते. तुम्हाला नवव्या वर्षापासून एकही मिळालेली नाही. अशा कामाचा कंटाळा येणे आणि आळशी असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आळशी माणसाला काम टाळल्याचे दुःख होत नाही, आणि तुमच्या पत्रातील प्रत्येक ओळीत ते दुःख आहे.

या थकव्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 20 प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मधुमेहासोबत जगताना माणसाला कशाचा किती जाच होतो, हे ती मोजते: रक्तातील साखर खाली जाण्याची भीती, खाण्यावरून येणारा अपराधीपणा, पुढे डोळे किंवा मूत्रपिंड जातील ही चिंता, आपल्या डॉक्टरांविषयीची नाराजी, घरच्यांना आपले दुखणे कळत नाही ही भावना. हे प्रश्न ज्यांनी तयार केले, त्यांना तुमच्यासारखी माणसे आधी भेटली होती म्हणूनच ते तयार झाले. मी गेली वीसेक वर्षे खान्देशात टाइप 1 च्या मुलांवर आणि तरुणांवर उपचार करतो आहे, आणि या थकव्यातून एकदाही न गेलेला रुग्ण मला आठवत नाही. चोपड्याकडच्या चौदा वर्षांच्या एका मुलाने तपासणीच्या टेबलावर बसून, माझ्याकडे न बघता, तुमचे सगळे पत्र एका वाक्यात सांगितले होते: "माले आते कंटाया ई गया."

डॉक्टर रागावले म्हणून तुम्ही जात नाही, असे लिहिले आहे. याबाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात अकरावीतील एक मुलगा वडिलांसोबत आला. त्याने साखरेच्या नोंदींची वही समोर ठेवली. चार महिन्यांच्या नोंदी होत्या. सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, सगळे आकडे 110 आणि 160 च्या मधले, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी शून्य किंवा पाच. खऱ्या वहीच्या कोपऱ्यांवर बोटाच्या रक्ताचे वाळलेले तपकिरी ठिपके असतात. या वहीत एकही नव्हता. मी त्याच्या ग्लुकोमीटरची मेमरी उघडली, तर शेवटची तपासणी 26 दिवसांपूर्वीची होती. मी ते वडिलांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, आणि वर चार शब्द सुनावले. तो मुलगा त्यानंतर आठ महिने आला नाही. आला तेव्हा अर्धवट शुद्धीत, दीर्घ श्वास घेत, कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होणे) झालेल्या अवस्थेत आला. तो वाचला. घरी जाताना त्याने मला सांगितले की चांगले आकडे लिहिले की घरी दोन दिवस शांतता असायची. ती वही मला फसवण्यासाठी नव्हती, तर घरातली शांतता विकत घेण्यासाठी होती, आणि हे मी त्याला विचारायला हवे होते. तुम्ही आईला सांगता तो खोटा आकडाही याच जातीचा आहे.

आता जे तातडीचे आहे ते. रात्रीचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन मुद्दाम टाळणे आजपासून थांबवा. टाइप 1 मध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून घेतलेले इन्सुलिन हेच तुमच्या शरीरातील जवळजवळ सगळे इन्सुलिन असते. ते पूर्ण थांबले की शरीर चरबी जाळू लागते, कीटोन नावाचे आम्ल पदार्थ साठतात आणि रक्त आम्लधर्मी होत जाते; हे घडायला काही तास ते एखादा दिवस पुरतो. उलट्या, पोटात दुखणे, धाप लागल्यासारखा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यांपैकी काही दिसले, तर ती पित्ताची किंवा उन्हाची उलटी समजून घरी थांबू नका. लघवीतील कीटोन तपासण्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. एक डबी खोलीवर ठेवा. आजारपणात जेवण जात नसले तरी लांब पल्ल्याचे इन्सुलिन बंद करायचे नसते. "पोरगी जेवली नाही म्हणून इन्सुलिन दिले नाही" हे वाक्य मी अतिदक्षता विभागाच्या दारात इतक्यांदा ऐकले आहे की हा परिच्छेद लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही.

हे एक ओझे खांद्यावरून खाली ठेवता येत नाही. बाकीच्या ओझ्यातील बरेच काही मात्र ठेवता येते, काही काळापुरते, आणि डॉक्टरांना सांगून. तुम्ही सध्या जे केले आहे ते म्हणजे सगळे एकदम टाकून दिले आहे, आणि म्हणूनच ती सुट्टी वाटत नाही. दिवसभर मनाला टोचणी लागलेलीच असते. त्याऐवजी मी माझ्या रुग्णांना ठरवून सवलत देतो. चार आठवड्यांसाठी फक्त एवढेच: रात्रीचे इन्सुलिन ठरलेल्या वेळी, मोबाइलच्या गजरावर; साखर दिवसातून दोनदाच, सकाळी उठल्यावर आणि झोपताना; आणि जेवणाआधीचे इन्सुलिन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या ठराविक मात्रेत. जेवण दुपारी व रात्री साधारण तेच आणि तेवढेच ठेवले की ठराविक मात्रा चालते. वही लिहायची नाही, मीटरच्या मेमरीत आकडे असतातच. आजारी असाल, गाडी चालवणार असाल किंवा अंगाला घाम व थरथर जाणवली, तर मात्र त्या वेळी मोजायचेच. यात साखर आदर्श राहणार नाही, हे मला माहीत आहे. पण 10.4 वरून साडेआठपर्यंत येण्यासाठी आदर्श वागण्याची गरज नसते, न चुकता घेतलेले इन्सुलिन बहुतेक वेळा तिथपर्यंत आणते. जुन्या मात्रा मात्र स्वतःहून एकदम पूर्ण सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. आणि साखर झपाट्याने खाली आणण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या, कारण पडद्यावर आधीच बदल असतील तर साखर अचानक सुधारल्यावर ते काही काळ वाढू शकतात. तसेही आजाराला पाच वर्षे झाल्यानंतर पडदा आणि लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे प्रथिन) यांची तपासणी दरवर्षी व्हायला हवी.

जेवणाचे निर्णय कमी करणे, हा थकवा कमी करण्याचा मला सापडलेला सर्वांत उपयोगी मार्ग आहे. यात आपल्याकडे एक अडचण आहे, जिच्यामुळे विनाकारण बोल ऐकावे लागतात. आहाराची छापील पत्रके बहुधा पातळ फुलक्यांच्या हिशेबाने तयार केलेली असतात. असा एक फुलका 20 ते 25 ग्रॅम पिठाचा असतो आणि त्यातून साधारण 15 ग्रॅम कर्बोदके मिळतात. आपल्याकडची ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी 80 ते 100 ग्रॅम पिठाची असते, म्हणजे एका भाकरीत चार फुलक्यांइतकी कर्बोदके गेली. पत्रकात "दोन पोळ्या" लिहिले म्हणून मुलगी दोन भाकरी खाते, दोन तासांनी साखर 320 येते, आणि घरात सगळे तिच्याकडे बघतात. एकदाच वजनकाट्यावर पीठ मोजा. खानावळीचा डबा असेल तर त्यातली भाकरी किंवा पोळी मोजा. हे काम आयुष्यभराचे नाही, एका रविवारचे आहे. त्यानंतर हाताला अंदाज येतो.

शेवभाजीचे वागणे आणखी वेगळे असते. रस्स्याला तेल, वर तळलेली बेसनाची शेव. स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामे होते आणि साखर जेवणानंतर दोन तासांनी ठीक दिसून मध्यरात्री चढते. वरणबट्टीत बट्टी तुपात बुडवून खाल्ली की तेच होते. भरीत आणि कळण्याची भाकरी हे जेवण त्या मानाने सरळ आहे. कळण्यात उडीद असल्यामुळे साखर थोडी हळू चढते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस-पुरणपोळी, श्रावणात कानबाईचे रोट, हे खायचेच नाही असे मी कधी सांगत नाही. जिला वर्षभर "नाही" म्हटले जाते, ती मुलगी पुरणपोळी स्वयंपाकघराच्या मागे उभी राहून, इन्सुलिन न घेता खाते. ताटात बसून, मोजून, मात्रा वाढवून खाल्लेली पुरणपोळी तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. केळीचेही तसेच आहे. रावेर-यावलच्या भागात घरात केळी नसणे अशक्यच. एका मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके धरा आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घ्या.

आता त्या आकड्यांविषयी, ज्यांचे कारण सापडत नाही आणि ज्यांनी माणूस सर्वांत जास्त खचतो. सगळे नीट करूनही साखर 300 येते, तेव्हा दोष आपल्याकडे घेण्याआधी इन्सुलिनकडे बघा. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, आणि वापरात असलेले साधारण 25 ते 30 अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. जळगाव, भुसावळ, धुळे येथील पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिलेले पेन त्या दिवसापासून भरवशाचे राहत नाही. खोलीत फ्रिज नसेल तर मातीचा माठ उत्तम काम करतो: एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वरून ओले फडके, आणि सगळे हवेशीर सावलीत. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. वीज गेली तरी हे चालू राहते. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका; गोठलेले इन्सुलिन फेकायचेच असते. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा त्यात कण दिसू लागले तरीही फेकायचे.

दुसरे कारण तुमच्या पोटावर किंवा मांडीवर असू शकते. 13 वर्षे त्याच सोयीच्या जागी टोचले की तेथे चरबीची गाठ तयार होते. तिथे सुई दुखत नाही, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन एके दिवशी निम्मे शोषले जाते तर दुसऱ्या दिवशी एकदम. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट चाचपून बघा. मऊ, उशीसारखा फुगीर भाग लागला तर तो भाग काही महिने पूर्ण सोडून द्या. नव्या जागी सुरुवातीला मात्रा कमी लागू शकते, म्हणून हेही डॉक्टरांना सांगून करा. 4 मिलिमीटरची पेनाची सुई बहुतेक सगळ्यांना पुरते, आणि एकच सुई पंधरा दिवस वापरणे हे गाठींचे एक कारण आहे.

तिसरी गोष्ट पटकन सांगतो, पण ती जिवाशी संबंधित आहे. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलीटरला 40 युनिटचे असते आणि पेनमधील 100 युनिटचे. लाल टोपीची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी असते. पेन बिघडले म्हणून त्याच्या काट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढले, तर मात्रा अडीच पट जाते.

थकव्यासाठी रक्ताची एक तपासणीही करून घ्या. टाइप 1 असलेल्यांमध्ये थायरॉइडचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्तक्षय तर फारच दिसतो, आणि साखर सतत 250 च्या वर असली की त्यानेही अंग जड पडते आणि चिडचिड होते. थकव्याचा काही भाग शरीराचा असेल तर तो गोळीने जातो. तो मनाच्या खात्यावर टाकून बसू नये.

एचबीएवनसीच्या आकड्याने तुम्हाला फार छळले आहे असे दिसते, म्हणून एका अभ्यासाविषयी लिहितो. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात टाइप 1 च्या 1,441 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना तेव्हाचे नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना काटेकोर. काटेकोर गटाचा एचबीएवनसी 7 च्या आसपास राहिला, दुसऱ्या गटाचा 9 च्या आसपास, आणि काटेकोर गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचे प्रमाण 76 टक्क्यांनी कमी झाले. हा भाग तुम्हाला डॉक्टरांनी बहुधा सांगितला असेल. जो सांगितला जात नाही तो असा: काटेकोर गटाचे उद्दिष्ट साखर निरोगी माणसाइतकी, म्हणजे एचबीएवनसी 6.05 पर्यंत आणण्याचे होते. त्यांच्या दिमतीला परिचारिका, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ असा पूर्ण ताफा होता, दर महिन्याला भेट होती आणि त्याहून अधिक वेळा फोन होते. एवढे करूनही त्या पातळीवर सातत्याने राहू शकणारे 100 मध्ये 5 सुद्धा निघाले नाहीत. मग खानावळीचा डबा खाणाऱ्या, तिघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलीने स्वतःला नापास का ठरवायचे? आणखी एक निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली, साधारण 8 च्या जवळ. तरीही ज्यांनी आधी काही वर्षे चांगली काढली होती त्यांना पुढे अनेक वर्षे त्याचा फायदा मिळत राहिला. तुमची लहानपणीची जी वर्षे आईने सांभाळून काढली, ती शरीराने लक्षात ठेवली आहेत. आणि येणारे चांगले महिनेही तसेच जमा होतील.

तुम्ही लिहिलेले नाही, पण मला एक शंका आहे. दुपारचेच इन्सुलिन जास्त का टळते? कॉलेजात चारचौघींत टोचून घेण्याची लाज, की वर्गात साखर खाली जाण्याची धास्ती? दुसरे असेल तर ते समजण्यासारखे आहे. साखर उतरल्याने बसस्थानकावर घामाघूम झालेल्या, जीभ जड पडलेल्या ज्याच्यावर लोकांनी एकदा दारू प्यायल्याचा आरोप केला आहे, तो पुढे मुद्दाम साखर 250 ठेवून फिरतो. अशा रुग्णाला "साखर कमी करा" म्हणणे निरुपयोगी असते. आधी त्याची भीती कमी करावी लागते. साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून घ्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि 70 च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट, चिक्की, पेढा यांत स्निग्धांश असल्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून तेव्हा ते नको. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यायचे, हे वर्गातील एका तरी मैत्रिणीला माहीत असू द्या. ग्लुकोजची पुडी तिच्याही दप्तरात असावी. सीबीएसईने 2017 पासून टाइप 1 च्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी सोबत नेण्याची मुभा दिली आहे. तुमच्या कॉलेजातही डॉक्टरांच्या पत्रासह प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. परवडत असेल तर दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सेन्सर परीक्षेच्या काळापुरता लावून बघा. असा सेन्सर साधारण 10 ते 14 दिवस चालतो. ज्यांना रोज नको असतो त्यांनाही वर्षातून दोन-तीनदा लावल्यावर रात्री काय घडते हे कळून बराच धीर येतो. काहींना मात्र सतत समोर दिसणाऱ्या आकड्याचाच त्रास होतो. तसे झाले तर काढून ठेवा.

आईविषयी. त्या माउलीने नऊ वर्षांच्या मुलीला सुई टोचायला शिकताना आधी बटाट्यावर सराव केला असेल, कित्येक वर्षे रात्री तीनला उठून तुमचे कपाळ चाचपले असेल. मुलगी धुळ्याला गेली आणि तिच्या हातचे काम एकाएकी संपले, काळजी तेवढी शिल्लक राहिली. ती त्या एका प्रश्नात येते. आईला "विचारू नको" म्हणून भागणार नाही. तिला दुसरे काम द्यावे लागेल. पुढच्या खेपेला घरी गेलात की फोनवर नव्हे, समोर बसून सांगा: "आई, मी तीन आठवडे शुगर तपासली नाही, आणि तुला खोटं सांगत होते. मला रागावू नको. मी डॉक्टरांकडे जातेय. तू रोज आकडा विचारू नको, दर रविवारी मी स्वतः सांगेन. इन्सुलिनचा आणि पट्ट्यांचा साठा तू बघ, संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेव." यात आईचा मान राहतो, तिच्या हाताला काम राहते आणि तुमच्या डोक्यावरची एक खरी जबाबदारी कमी होते. हे पत्र आईने वाचले तर तिच्यासाठीही एक विनंती: आकडा ऐकल्यावर पहिला शब्द "काय खाल्लं होतं?" हा नसावा. "बरं, आता काय करायचं ठरवलंस?" एवढे विचारा.

तुमच्या वयाच्या मुलींच्या घरात लग्नाचे बोलणे सुरू झालेले असते, आणि इन्सुलिन टाळण्यामागे कधी कधी "जिला हे आहे तिला कोण करणार" हे ऐकलेले वाक्य असते. आजार लपवून जमवलेल्या लग्नात काय होते ते मी पाहिले आहे: सासरी न्हाणीघरात लपून इन्सुलिन घेणारी, मग घेणे सोडणारी आणि दोन महिन्यांत दवाखान्यात येणारी मुलगी. बोलणीच्या वेळीच सांगावे. टाइप 1 असलेल्या स्त्रीला निरोगी मूल होऊ शकते. फक्त गर्भधारणेच्या आधी एचबीएवनसी 6.5 च्या जवळ आणावा लागतो, आणि त्यासाठी काही महिने आधी डॉक्टरांकडे जावे लागते. आईला टाइप 1 असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता 100 मध्ये साधारण 1 ते 4 एवढीच असते. हा आजार लहानपणी गोड खाल्ल्याने होत नाही आणि शिवल्याने लागत नाही. "मुळासकट बरा करतो, इन्सुलिन सोडा" म्हणणारा कोणी भेटला तर एवढेच आठवा की टोरांटोत 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन मिळाले, आणि त्याआधी या आजाराची मुले उपासमारीच्या आहारावर थोडे दिवस काढून मरत असत. थकलेल्या माणसाला असे आश्वासन फार गोड लागते, म्हणून हे लिहिले.

मोजण्याचा कंटाळा हा आतापर्यंत आपण बोललो तो थकवा आहे. पण मैत्रिणींत बसणे, अभ्यास, आवडीची मालिका, कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर ते नैराश्य असू शकते, आणि त्याचा उपचार वेगळा असतो, जो चांगला लागू पडतो. स्वतःला संपवावे असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर त्याच दिवशी खोलीतल्या मैत्रिणीला किंवा आईला सांगा, आणि 14416 वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 2022 पासून सुरू आहे, फोन केव्हाही करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. वजन वाढेल म्हणून इन्सुलिन कमी घेत असाल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तसे करणाऱ्या अनेक मुली मी पाहिल्या आहेत आणि ते सांगताना कुणालाही लाज वाटू नये.

डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. वही भरून नेऊ नका. मीटर न्या, चालू असलेले इन्सुलिन आणि वापरातली सुई न्या, खोलीत इन्सुलिन कुठे ठेवता ते सांगा, आणि आत गेल्यावर सर्वांत आधी हे म्हणा: "मी थकले आहे, तीन आठवडे मोजलेले नाही, काही वेळा इन्सुलिन चुकवले आहे. मला चार आठवड्यांसाठी कमीत कमी काय करायचे ते ठरवून द्या." बोलता येणार नसेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा. एवढे ऐकूनही ते पुन्हा रागावले, तर धुळ्यात आणि जळगावात वैद्यकीय महाविद्यालयांची सरकारी रुग्णालये आहेत. तिथल्या औषधवैद्यकाच्या (मेडिसिनच्या) बाह्यरुग्ण विभागात जा आणि तोच कागद दाखवा. आज रात्रीच्या इन्सुलिनचा गजर मात्र हे वाचून झाल्याबरोबर लावा.